टीममध्ये नाव आलं नाही, मग तिने खेळायचंच नाही का?

पत्र: "माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत आठवड्याला पीटीचे दोन तास असतात, त्यातला एक बहुतेक वेळा गणिताचा पोर्शन संपवायला जातो. जो उरतो त्यात शाळेच्या टीममधली मुलं प्रॅक्टिस करतात आणि बाकीचा वर्ग भिंतीला टेकून बसतो, त्यात माझी पण. मागच्या वर्षी सिलेक्शनमध्ये तिचं नाव आलं नाही, तेव्हापासून 'मला खेळ येतच नाही' असं म्हणायला लागली आहे, आणि आता पीटी असेल त्या दिवशी सकाळी पोटात दुखतं. पालक सभेत मी विषय काढला. मुख्याध्यापिका म्हणाल्या ग्राउंड लहान आहे, पीटीचे सर एकटेच आहेत, आणि शेवटी पालकांनाच मार्क हवे असतात. काही पालक म्हणाले, ज्याला आवड आहे त्याने बाहेर क्लास लावावा. मला भांडायचं नाहीये पण गप्प पण बसवत नाही. नक्की काय मागू?" – सातवीतल्या मुलीची आई

ताई,

ग्राउंड, सर, मार्क यावर बोलूच, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते तिचं 'मला खेळ येतच नाही' हे वाक्य. एवढ्याशा पोरीने आयुष्यभराचा निकाल लावून टाकला आणि त्याला एक सिलेक्शन पुरलं. त्यामुळे आधी तिच्याबद्दल, मग शाळेबद्दल.

झेल पकडणं, नेम धरून फेकणं, पळता पळता दिशा बदलणं, उडी मारून नीट खाली येणं, हे सगळं शिकवावं लागतं हो. वाचता येण्यासारखंच आहे ते. काही मुलं घरात भावंडांबरोबर, शेजारच्या पोरांबरोबर खेळून आधीच शिकून आलेली असतात, मग ती 'टॅलेंटेड' दिसतात आणि ज्यांना कोणी शिकवलं नाही ती 'खेळात कच्ची'. तिला सांगा की तुला येत नाही असं नाहीये, तुला अजून कोणी शिकवलेलं नाही. आणि नुसतं सांगू नका, एक मोठा मऊ बॉल घ्या आणि भिंत बघून दोघी खेळा, बॉल भिंतीवर मारायचा, एक टप्पा पडू द्यायचा, पकडायचा. मऊ बॉल अशासाठी की कडक बॉलला घाबरून मुलं डोळे मिटतात आणि मग झेल सुटतो, त्यात हात वाईट असतात असं काही नसतं. लगेच क्लास लावू नका. आत्ता तिला अजून एक अशी जागा नकोय जिथे कोणीतरी तिला तपासणार आहे. पोटदुखीबद्दल मात्र एकदा शांतपणे विचारा की तासाला नेमकं काय होतं, कोणी हसतं का, कपड्यांचा प्रॉब्लेम आहे का, पाळीच्या दिवसांत काय करते. या वयातल्या मुली खेळातून बाहेर पडतात त्यात या गोष्टींचा हात फार मोठा असतो आणि सभेत यावर कोणी बोलत नाही. ती जे सांगेल ते शाळेत मागायच्या गोष्टींमध्ये धरा, अर्थात तिला विचारून, तिचं नाव न घेता.

तुमची मुलगी एकटी नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांमधली, १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र केली होती, २०१६ पर्यंतची. त्यात ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं, मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के. म्हणजे पाचातली चार. पुरेशी म्हणजे किती, तर रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी, आणि आठवड्यातले निदान तीन दिवस जोरात पळणं, उड्या, स्नायू आणि हाडं मजबूत होतील असं काहीतरी. आता तुम्हीच हिशोब करा, आठवड्याला पीटीचे दोन तास, ते दोन्ही झाले तरी कुठे पुरतायत. म्हणून मला वाटतं पीटीच्या तासाचं काम नुसती मिनिटं भरायची नाहीयेत, मुलांच्या अंगात एवढं खेळणं मुरलं पाहिजे की ती मधल्या सुट्टीत, घरी, पुढे मोठेपणी पण आपणहून हालतील. आणि भिंतीला टेकून बसलेलं मूल त्या तासात एकच गोष्ट शिकतं, की खेळ हा आपला प्रांत नाही.

खरं दुखणं इथे आहे. बहुतेक शाळांमध्ये खेळ म्हणजे चाळणी झालीये. सगळ्या मुलांना वरून ओतायचं, दहा-पंधरा निवडायची, त्यांना शिकवायचं, स्पर्धेला न्यायचं, कपाटात कप ठेवायचा. बाकीची खाली पडली ती पडली. आणि जी निवडली जातात ती तरी खरंच जास्त गुणी असतात का? १९८५ साली कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्यांच्या जन्मतारखा काही संशोधकांनी तपासल्या, तिथे वयोगट १ जानेवारीवरून ठरतो, आणि वरच्या टीम्समध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेले खूप जास्त आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेले खूप कमी असं दिसलं. पुढे इतर खेळांत, इतर देशांतही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एका वर्गातली दोन मुलं जवळजवळ वर्षाने लहान-मोठी असू शकतात, त्यात एकाची उंची आधी वाढते, एकाची नंतर. बाराव्या वर्षी आपण कोण आधी वाढलं ते बघतो आणि त्याला टॅलेंट म्हणतो. मग निवडलेल्याला सराव मिळतो, दुसऱ्याला भिंत मिळते, दोन वर्षांनी फरक खरोखरच पडलेला असतो आणि आपण म्हणतो बघा, आमची निवड बरोबरच होती.

मी टीमच्या विरोधात नाहीये, हे सभेतही आधी सांगून टाका, नाहीतर टीममधल्या मुलांचे आईबाप दुखावतील आणि विषय तिथेच संपेल. ज्या मुलांना स्पर्धा आवडते त्यांना ती मिळालीच पाहिजे. पण टीमची प्रॅक्टिस पीटीच्या तासात नको. तो तास वर्गातल्या प्रत्येकाचा आहे. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी घ्या.

कोणी म्हणेल की सगळ्यांना खेळवत बसलो तर मेडल कुठून येणार. तर त्यांना नॉर्वेचं सांगा. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम आहेत, मूल ११ वर्षांचं होईल त्या वर्षापर्यंत रँकिंग, गुणतक्ते लावायचे नाहीत, आणि राष्ट्रीय स्पर्धा १३ व्या वर्षापासून पुढे. कोणता खेळ खेळायचा, किती खेळायचा यात मुलांचं म्हणणं ऐकायचं. जेमतेम ५५ लाख लोकांचा देश, आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ मेडल, २०२२ ला ३७, त्यातली १६ गोल्ड, दोन्ही वेळा सगळ्यात पुढे. आता ही मेडल त्या नियमांमुळेच मिळाली असं मी म्हणणार नाही, बर्फ आहे, पैसा आहे, घरोघरी स्कीइंगची परंपरा आहे. पण लहानपणी सगळ्यांना खेळू दिलं की वरची पातळी घसरते ही भीती तरी तिथे खरी ठरलेली नाही.

आता मुख्याध्यापिकांची तीन कारणं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका, त्यांच्यावर खरंच तिन्ही बाजूंनी दबाव असतो.

मार्कांचं पटकन सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०१० मध्ये ५० अभ्यास एकत्र करून बघितलं की शाळेतल्या खेळाचा, हालचालीचा अभ्यासावर काय परिणाम होतो. जेवढे संबंध तपासले त्यातल्या साधारण अर्ध्यांमध्ये फायदा दिसला, जवळजवळ अर्ध्यांमध्ये काहीच फरक नाही, आणि नुकसान दिसलं ते १.५ टक्क्यांमध्ये. म्हणून 'खेळल्याने मार्क वाढतील' असं वचन सभेत देऊ नका, ते उलटतं, पुढच्या युनिट टेस्टला मार्क कमी आले की सगळं खेळावर येतं. एवढंच म्हणा की पीटीचा तास काढून घेतल्याने मार्क वाढतात याला आधार नाही. आणि मागणी अगदी साधी ठेवा, पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यावा लागला तर तो त्याच आठवड्यात परत मिळावा आणि तशी नोंद व्हावी. गणिताचा तास कोणी असाच उचलून नेतं का? मग हा पण नाही.

लहान ग्राउंडबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण हे कारण ऐकून सगळे गप्प होतात आणि खरं तर इथेच सगळ्यात जास्त करता येतं. वर्गात चाळीस मुलं आणि एक बॉल, दोन मोठ्या टीम केल्या तर एका मुलाच्या वाट्याला पूर्ण तासात बॉल किती वेळा येतो ते एकदा उभं राहून मोजा. काहींना एकदाही येत नाही. त्याच जागेत खडूने छोटे छोटे चौकोन आखा, तीनास तीन खेळवा, सहा-सात बॉल द्या, बॉल नसतील तर जुन्या मोज्यात कापड भरून केलेले चालतात. प्रत्येकाचा हात सतत चालू राहतो. बॉल जास्त लागतात, जागा तेवढीच लागते. दोरीच्या उड्यांना तर एक सतरंजीएवढी जागा पुरते आणि हाडांसाठी, दमासाठी तो अतिशय भारी व्यायाम आहे. भिंत असेल तर भिंत वापरा, जिने असतील तर जिने, पावसात वर्गातली बाकं सरकवून बॅलन्सचे, ताकदीचे खेळ. नाच पण धरा यात, कितीतरी मुलामुलींना बॉल नको असतो पण गाणं लावलं की अर्धा तास थांबत नाहीत, आणि दम तेवढाच लागतो.

आणि बाद होण्याचे खेळ. डॉजबॉल, संगीत खुर्ची, शेवटी एक उरेपर्यंत चालणारे सगळे. आधी बाद कोण होतं? जो हळू आहे, घाबरतो, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच. आणि जो आधीच पटाईत आहे तो शेवटपर्यंत खेळतो. नियम एवढाच बदला की बाद झालेल्याने बाजूला जाऊन दहा उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. आपण लहानपणी लिंबूटिंबूला खेळात ठेवायचोच ना, कोणी त्याला भिंतीशी बसवलं नाही. तसंच दोन कॅप्टन उभे करून सगळ्यांसमोर एकेक भिडू निवडायला लावणं ताबडतोब बंद करायला सांगा. शेवटी उरलेल्या मुलाला ते वर्षानुवर्षं आठवतं. चिठ्ठ्या टाका, सरांनी आधीच यादी करून आणावी, काहीही करा पण ते नको.

अजून एक, जे मला अजिबात सहन होत नाही. गडबड केली म्हणून ग्राउंडला पाच फेऱ्या, किंवा होमवर्क केला नाही म्हणून पीटीला जायचं नाही. पळणं शिक्षा म्हणून वापरलं तर मुलं पळण्याला शिक्षाच समजणार. आणि ज्याला वर्गात एका जागी बसवत नाही त्याचाच पीटीचा तास काढून घेणं म्हणजे तर कमालच झाली. तुमच्या शाळेत हे होत असेल तर मागण्यांमध्ये हे वरती घ्या, बंद करायला एक रुपया लागत नाही.

सर एकटे आहेत, यावर 'डेली माइल' नावाचा प्रकार बघा. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत एलेन वायली नावाच्या मुख्याध्यापिकेने २०१२ मध्ये सुरू केला, मुलं फार लवकर दमतात हे लक्षात आल्यावर. रोज १५ मिनिटं वर्गशिक्षकांबरोबर बाहेर पडायचं आणि आपापल्या वेगाने पळायचं, चालायचं, मैत्रिणीशी गप्पा मारत जॉगिंग केलं तरी चालतं. कपडे बदलायचे नाहीत, रेस नाही, नंबर नाही, पीटीचे सर लागत नाहीत. तिथून तो खूप देशांमधल्या शाळांत गेला आहे. यात मला आवडतं ते हे की कोणी शेवटी येतच नाही, पंधरा मिनिटं झाली की सगळ्यांचं संपतं. पण एक नीट लक्षात ठेवा, हे पीटीच्या तासाऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. नाहीतर शाळा म्हणेल पोरं रोज पळतायत ना, मग पीटी कशाला, आणि तुमचा उरलेला तास पण जाईल. मोठ्या वर्गातल्या मुलांची मदत घ्या. नववीतल्या मुलीला शिट्टी देऊन पाचवीच्या खेळाची पंच केलं की सरांचा भार हलका होतो आणि जी स्वतः खेळायला लाजते ती पण मैदानात येते. फ्रिस्बीची, म्हणजे फेकायच्या प्लास्टिकच्या तबकडीची, टीम करून बघा, अल्टिमेट फ्रिस्बीमध्ये पंचच नसतो, फाउल झाला की खेळाडू आपसात बोलून ठरवतात, आणि मुलं-मुली एकत्र खेळतात. तुमच्या मुलीसारख्यांना हा चांगला कारण त्यात कोणीच आधीपासून शिकून आलेलं नसतं, सगळे शून्यापासून सुरू करतात.

ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे, अपंगत्व आहे, ती चिठ्ठी घेऊन कायमची बसलेली असतात. बसवून ठेवणं सोपं असतं म्हणून बसवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही तेच रोजचे ६० मिनिटं सांगितले आहेत, झेपेल तसं, डॉक्टरांना विचारून. सरांना विचारायचं ते चारच गोष्टींचं, जागा बदलता येईल का, काम सोपं-अवघड करता येईल का, साहित्य बदलता येईल का, जोडीला कोण आहे ते बदलता येईल का. गोलबॉल हा खेळ तर १९४६ मध्ये दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी सुरू झाला, घुंगराचा बॉल असतो, आवाजावरून अडवायचा. सगळ्या वर्गाच्या डोळ्यांना पट्टी बांधून खेळवा, ज्या मुलाला दिसत नाही तो त्या दिवशी इतरांना शिकवेल. बसून खेळायचा व्हॉलीबॉल पण असाच, नेट खाली आणा आणि सगळे बसा.

आता 'बाहेर क्लास लावा' म्हणणारे पालक. त्यांचा राग धरू नका, त्यांनी स्वतःच्या मुलासाठी तोच रस्ता शोधलाय. पण क्लासला पैसे लागतात, सोडायला-आणायला माणूस लागतं, आणि मुळात आधीच आवड लागलेलं मूलच क्लासला जातं. शाळा ही एकच जागा आहे जिथे प्रत्येक मूल येतंच. युनेस्कोने १९७८ मध्येच शारीरिक शिक्षण आणि खेळ हा सगळ्यांचा मूलभूत हक्क म्हणून सनद काढली, २०१५ मध्ये ती सुधारली, आणि १९८९ च्या बालहक्क करारात ३१ व्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. सभेत कोणी 'हे तर एक्स्ट्रा आहे' म्हणालं तर हे तुमच्या हाताशी असू द्या. पण सुरुवात इथून नको, हक्क-कलमं काढली की समोरचा बचावात जातो.

सुरुवात सरांपासून करा. सभेच्या आधी त्यांना एकटं भेटा. मला वाटतं तेच तुमचे सगळ्यात पहिले साथीदार निघतील, कारण तास त्यांचाच जातो, आणि कप आला नाही की बोलणी पण तेच खातात. त्यांना विचारा तुम्हाला काय मिळालं तर सगळ्या वर्गाला खेळवता येईल, आणि ते सांगतील ते लिहून घ्या. मग दोघं मिळून एक आठवडा मोजा, पीटीचे किती तास खरंच झाले आणि त्यात प्रत्यक्ष हालत होती अशी मुलं किती. कोणाचं नाव नको, कोणावर बोट नको, फक्त आकडा. शाळेला आजपर्यंत कप मोजायची सवय आहे, हा आकडा कोणी कधी विचारलेलाच नसतो. सभेत तो ठेवा आणि म्हणा, तीन महिन्यांत हा वाढवायचाय, आम्ही पालक काय करू शकतो?

एकदम सगळं मागू नका. पहिल्यांदा दोनच, गेलेला तास परत मिळणे आणि त्या तासात टीमची प्रॅक्टिस बंद. हे जमलं की एका वर्गापुरते रोजचे १५ मिनिटं, वर्गशिक्षक तयार असतील तो वर्ग. नंतर आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर निवड नसलेलं सेशन, जो येईल तो खेळेल, आणि काय खेळायचं ते मुलांनी, विशेषतः सध्या भिंतीशी बसणाऱ्या मुलांनी सांगायचं. एक चिठ्ठी फिरवा वर्गात, नाव न घालता लिहू द्या की तुम्हाला काय खेळायला आवडेल आणि पीटीच्या तासात काय आवडत नाही. मोठ्यांना सुचणार नाहीत अशी उत्तरं येतात.

मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या तर 'एक महिना करून बघू आणि मग ठरवू' एवढंच मागा. महिन्याच्या गोष्टीला नाही म्हणणं जड जातं. पालकांपैकी कोणी संध्याकाळी तासभर उभं राहू शकतं का, कोणाकडे जुन्या दोऱ्या, बॉल पडलेत का, ती यादी सभेला जातानाच सोबत न्या.

आणि सुरू झाल्यावर लक्ष असू द्या, कारण स्पर्धा जवळ आल्या की पहिली मागणी येते ती या निवड नसलेल्या सेशनच्या जागेची, फक्त दोन आठवड्यांसाठी द्या म्हणून, आणि ते दोन आठवडे मग वर्षभर चालतात. म्हणून वार, वेळ आणि जागा पहिल्याच दिवशी वेळापत्रकात छापून घ्या, आणि टीमच्या सरावासाठी वेगळा वार त्याच कागदावर लिहून घ्या.